दुसऱ्यांदा विचारलं नाही

वलगाव, ता. ११ जानेवारी १९२१

ती. बाईस,

चंद्रभानचा सा. सलाम. वि. वि. दरवेळी पहिल्याच ओळीत इकडील सर्व खुशाल म्हणून लिहितो. आज ती ओळ लिहिण्याआधी जरा थांबलो, इतकेच. घाबरू नकोस. मी धडधाकट आहे. शाळेच्या पायरीवर बसून लिहीत आहे आणि तुझी भाची करुणा माझ्या दौतीत बोट घालण्याच्या खटपटीत आहे.

काल सकाळी मधल्या सुट्टीत मुले कुंपणापाशी खेळत होती. आपल्या मिशनच्या शाळेला लागून नत्थुजी गावंडे यांचे चाळीस एकर शेत आहे, तेथे कापसाची वेचणी चालली होती. भर उजेडी पऱ्हाटीतून एक कोल्हा बाहेर आला. माणसांना पाहून पळेना. तोंडाला फेस, मागचे पाय लटपटत. तो मुलांकडे वळला तसा मी काठी घेऊन मधे पडलो. त्याने माझी पोटरी धरली. नत्थुजी शेतातून धावत आले, त्याला हाणायला वाकले, आणि तो उसळून त्यांच्या गालाला डसला. मजुरांनी त्याला तिथेच ठार केले. मुलांपैकी एकालाही ओरखडा नाही, हे देवाचे मोठे उपकार.

अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितले की कोल्हा पिसाळलेला होता. दोघांनीही ताबडतोब निलगिरीच्या डोंगरात कुन्नूर येथे जावे. तेथे चौदा दिवस पोटात सुया टोचून औषध घालतात. आपल्या मुलखात हा उपाय कोठे नाही. मी उद्या बडनेऱ्याहून गाडी धरतो. नत्थुजींना मी विचारले. ते नाही म्हणाले. त्यांनी एका जडीबुटीवाल्याकडून गालावर तापल्या सळईचा डाग घेतला आहे.

माणिकला धीराचे दोन शब्द लिही. ती माझ्यासमोर हसते आणि चुलीकडे तोंड करून रडते. आजवर जशी पाखर घातलीस तशीच या प्रवासातही असू दे.

तुझा,
चंद्रभान


अकोला, ता. १८ जानेवारी १९२१

चि. चंद्रभान यास,

तानुबाईचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र बाळंतिणींच्या खोलीत उभ्या उभ्या वाचलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातातलं तान्हं काढून घेतलं आणि मला स्टुलावर बसवलं, म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल बघ. पंधरा वर्षं दवाखान्यात काढलेली नर्सबाई मी. पण आपल्या माणसाचं अंग वेगळं असतं.

एरंडेलाचा चमचा दिसला की चिंचेच्या झाडावर चढून बसणारा तू, आता रोज पोट उघडं करून सुई घेतो आहेस! त्या डोंगरावर थंडी फार म्हणतात. माझा लोकरी गळपट्टा वेगळ्या टपालानं पाठवला आहे. रंग बायकी आहे म्हणून ट्रंकेत टाकू नकोस. माणिकला मी लिहिलं आहे, आणि करुणासाठी टोपरं शिवून धाडलं आहे.

एक गोष्ट मात्र मनात अडकून बसली. नत्थुजींबद्दल तू लिहिलंस: मी विचारले. ते नाही म्हणाले. एवढंच. एखाद्या पोराला पाढा येत नसेल तर तू सातदा समजावतोस, मग इथं कसा एका वाक्यात आटोपलास? पोटरी मेंदूपासून लांब, गाल जवळ. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुझ्याआधी त्यांनी जायला हवं होतं. अजून दिवस हातात आहेत. तिथून त्यांना कार्ड टाक. तिथं किती लोक येतात, किती बरे होऊन जातात, ते लिही. दुरून आलेलं पत्र माणूस ऐकतो.

सकाळ-संध्याकाळ तुझं नाव घेते आहे. माझ्यावरचा जीव असाच असू दे.

तुझी,
तानुबाई


वलगाव, ता. ७ फेब्रुवारी १९२१

ती. वन्संबाई यांस,

माणिकचा सा. सलाम. वि. वि. माझं अक्षर म्हणजे गोटे मांडल्यासारखं, पण तुम्ही समजून घ्याल. हे पत्र त्यांना न सांगता लिहिते.

ते बुधवारी सुखरूप आले. गळपट्टा घालूनच उतरले. सगळ्यांना वाटलं, झालं, आता संपलं. पण वन्संबाई, माणूस परत आला आणि मन तिकडंच कुठं राहिलं. रोज सकाळी घरामागं पेलाभर पाणी घेऊन जातात. हातात धरून उभे राहतात. एक घोट घेतात, गळ्याला हात लावून पाहतात, मग दुसरा. मी फडकं झटकलं आणि वारा लागला तरी दचकतात, कारण त्या रोगात वाराही सोसत नाही असं तिथं कोणी सांगितलं. कुन्नूरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे की सहा महिने गेले की मगच निर्धास्त. करुणाला उचलून घेत नाहीत. अंथरूण शाळेत नेलं आहे. म्हणतात, मला काही झालं तर तुम्ही लांब असलेल्या बऱ्या.

घरची प्रार्थना मात्र फार सुंदर झाली आहे. पाद्रीसाहेबांच्या तोंडी शोभतील असे मोठमोठे शब्द येतात. पण आमेन म्हटल्याबरोबर उठून पेला घेऊन मागं जातात.

नत्थुजींचा गाल भरून आला. परवा कुंपणावरून हसून म्हणाले, "मास्तर, सुया टोचून घ्यायले एवढ्या दूर काहून गेला? मी त इथंच बरा झालो." हे तसेच शाळेत निघून गेले. त्या दोघांत दोन वर्षांपासून नीट बोलणं नाही. मुलांच्या देखत नत्थुजी एकदा म्हणाले होते की हा भुकेचा किरिस्तान आहे, मोठ्या दुकाळात भाकरीपायी यानं देव बदलला. तेव्हापासून हे त्यांचं नावसुद्धा घेत नाहीत. मी विषय काढला तर उठून जातात.

तुम्ही लिहा. तुमचं ते ऐकतात. माझ्यावर रागावू देऊ नका.

तुमची,
माणिक


अकोला, ता. १० फेब्रुवारी १९२१

चि. चंद्रभान यास,

अ. उ. आशीर्वाद. वि. वि. माणिकनं मला सगळं लिहिलं. तिच्यावर डोळे वटारलेस तर मी पहिल्या गाडीनं येईन आणि तुझ्या विद्यार्थ्यांसमोर तुझा कान धरीन. तसं केल्याला फार दिवस झाले आहेत.

आधी त्या बोलण्याचं. भुकेचा किरिस्तान म्हणाले ना? मग खरंच बोलले. मी अकरा वर्षांची, तू पाच. बाप आधीच गेला होता आणि आई दर्यापूरच्या वाटेवर राहिली. मी तुला कडेवर घेऊन अकोल्याला मिशनच्या फाटकाशी आले ते शास्त्र वाचून नाही आले. भूक होती म्हणून आले. त्यांनी भाकर दिली. ज्याच्या नावानं दिली त्याचं नाव विचारलं, आणि त्या नावाच्या मागं मागं इथवर चालत आलो. यात लाजायचं काय? तुला तो शब्द एवढा झोंबला, कारण तू तो कधी स्वतः मोठ्यानं म्हणून पाहिला नाहीस. म्हणून बघ.

आता भीतीचं. तुझ्या प्रार्थना सुंदर झाल्या आहेत हे वाचूनच मला काळजी लागली. मी किती आजाऱ्यांच्या उशाशी बसले आहे. नको असलेला विचार धक्के मारून बाहेर काढता येत नाही. जेवढं ढकलावं तेवढा तो अंगाला चिकटतो. आणि त्याला पाट मांडून वाढायला बसलं, तर तो घरचाच होतो. मी काय करते ते सांगते. कोणाला हे सांगितलेलं नाही. विचार मनाच्या उंबऱ्याशी आला की तिथल्या तिथं प्रभूला सांगते. जसाच्या तसा, धुऊन पुसून नाही. आणि आईच्या बोलीत सांगते. मिशनच्या शाळेत शिकलेल्या भाषेत मला लपवाछपवी करता येते. त्या बोलीत येत नाही. प्रभू, मले भेव लागून राह्यलं. प्रभू, मले त्या बाईचा राग येऊन राह्यला, आणि तिचं नाव हे असं. सांगितलं की तो विचार माझ्या एकटीचा राहत नाही. पुन्हा आला तर पुन्हा सांगायचं. दिवसातून शंभरदा सांगावं लागलं तरी तो कंटाळत नाही, हे मी अनुभवानं लिहिते.

भीतीच्या मागं आणखी काही दडलं असेल तर तेही सांग. मला नको, त्याला.

आणि नत्थुजींना कार्ड टाकलंस का, ते तू लिहिलं नाहीस. करुणाला उचलून घे. तिला बापाची सवय मोडू देऊ नकोस.

तुझी,
तानुबाई


वलगाव, ता. २० फेब्रुवारी १९२१, रविवार

ती. बाईस,

सा. सलाम. वि. वि. नत्थुजी गेले. गुरुवारी दुपारी. दोन दिवस लिहायला बसलो आणि उठलो. आज उपासना आटोपून पुन्हा बसलो आहे. सगळे क्रमाने सांगतो, कारण क्रम सोडला तर मला वाचवणारे तेवढेच मी लिहीन.

सोमवारी शाळा भरली होती. नत्थुजींच्या पत्नी रुख्मिणीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन वर्षांत त्या आमच्या कुंपणाच्या आत आल्या नव्हत्या. त्यांनी विचारले, त्या डोंगरावरून औषधाची एखादी बाटली मी बरोबर आणली आहे काय. धन्याच्या घशाखाली कालपासून पाणी उतरत नाही. पाण्याचा गडवा नुसता दिसला तरी त्यांचे अंग पिळवटते. मी सांगितले की ते औषध आधी घ्यावे लागते, आता त्याचा काही उपयोग नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "मंग पैले काहून नाही सांगतलं, मास्तर?"

बाई, याचे उत्तर माझ्याजवळ होते आणि मी ते त्यांना दिले नाही. तुला देतो. अकरा जानेवारीला मी नत्थुजींच्या अंगणात गेलो, कुन्नूरला चला म्हणालो, हे खरे. ते हसून नाही म्हणाले. तेव्हा माझ्या मनात दोन शब्द आले, फळ्यावर लिहिल्यासारखे स्वच्छ: मग मर. आणि मला बरे वाटले. मी दुसऱ्यांदा विचारले नाही. गालाची जखम अधिक घातक असे डॉक्टरांनी सांगितले होते, तेही बोललो नाही. त्या दोन शब्दांना मी घरात घेतले, कुन्नूरपर्यंत बरोबर नेले. तुझे पत्र आले तेव्हा मी कार्ड विकत घेतले, त्यावर नत्थुजींचा पत्ता लिहिला, आणि मागची बाजू कोरी ठेवून ते ट्रंकेत टाकले. पिसाळण्याची भीती मला नंतर लागली. आधी हे लागले होते, आणि माणिकला ते कळू नये म्हणून मी सुंदर प्रार्थना करत होतो.

रुख्मिणीबाई गेल्यावर मी मुलांना घरी धाडले आणि रिकाम्या वर्गात गुडघे टेकले. तू सांगितलेस तसे, आईच्या बोलीत. देवा, मीनं त्याचं मरन मांगतलं. आता मले तिथं जायचं भेव लागून राह्यलं, तिथं मले माह्यंच मरन दिसन. असे बोललो. पण पाय उठले. माणिकने अडवले नाही. तिने गोणपाटाच्या पट्ट्या फाडून माझे हात कोपरापर्यंत गुंडाळून दिले.

अंगणात भाऊबंद उभे होते, आत कोणी जाईना. वारा नको म्हणून दारे-खिडक्या लावलेल्या. नत्थुजींनी स्वतःच भावाला सांगून आपले हात खाटेला बांधून घेतले होते, घरातल्या लेकरांना आपल्याकडून काही होऊ नये म्हणून. मला वाटले होते आत कोणी जनावरासारखा झालेला माणूस असेल. तसे नव्हते. झटका यायचा, सारे अंग धनुष्यासारखे ताणले जायचे. तो ओसरला की तेच नत्थुजी, तुरीचे काय झाले म्हणून विचारणारे. डोके अगदी शाबूत. मला पाहून म्हणाले, तुलाही लागला काय रे हा रोग. मी म्हणालो, अजून नाही. मग खाली बसलो आणि त्यांना सगळे सांगितले. मनात आलेले दोन शब्द सांगितले, ट्रंकेतल्या कार्डाचेही सांगितले.

एक झटका येऊन गेला. मग म्हणाले, "तू धा डाव विचारलं असतं तरी मी आलो नसतो." मला सुटल्यासारखे वाटणार, इतक्यात पुढे म्हणाले, "पन तुनं विचारायले पायजे होतं."

बाई, एवढा सरळ न्याय मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. त्यांनी मला शाप दिला नाही आणि माफही केले नाही. जेवढे माझे होते तेवढे माझ्या पदरात घातले आणि जेवढे त्यांचे होते तेवढे स्वतःकडे ठेवले.

मग त्यांनी माझ्याजवळ एक मागणे केले. ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. "तुह्या देवाले माह्यासाठी एक गोष्ट सांग. जगनं नको मांगू, ते गेलं. माह्यं डोकं मले शेवटपर्यंत पुरू दे. कोनाले शिवी द्यायची नाही, कोनाले चावायचं नाही. आन सायबाच्या भाषेत नको सांगू, मले समजलं पायजे." मी सांगितले. त्यांचेच शब्द घेऊन, मोठ्याने सांगितले. ते शेजारी आपल्या रामाचे नाव घेत राहिले.

बाई, खरे लिहितो. मागताना माझा विश्वास नव्हता. या रोगात मन राहत नाही असेच मी ऐकले होते. अशक्य ते मागतो आहोत असे वाटत होते.

तीन दिवस मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथे बसलो. दर झटक्याआधी ते आपले तोंड भिंतीकडे वळवीत, थुंकी माझ्यावर उडू नये म्हणून. एवढ्या यातनेत त्यांना हे सुचत होते. झटका संपला की विचारीत, लागलं त नाही? बुधवारी अमरावतीहून डॉक्टर आले, गुंगीचे औषध दिले. बाहेर येऊन ते जोड्यात पाय घालायचे विसरून तसेच उभे राहिले. म्हणाले, असे चार रोगी मी पाहिले, असे मन पाहिले नाही. गुरुवारी नत्थुजींनी आपल्या तिन्ही मुलींना उंबऱ्याबाहेर उभे करायला सांगितले. एकेकीला नावाने हाक मारली, एकेकीचा चेहरा पाहिला, आणि जा आता म्हणाले. त्यानंतर तासाभरात अंग सैल पडत गेले आणि ते शांत झाले. तीन दिवसांत त्यांच्या तोंडून एक वावगा शब्द निघाला नाही.

त्या खोलीत मी माझ्या भीतीच्या तोंडाशी तोंड लावून बसलो होतो. ती आली की सांगत होतो. ती यायची, मी सांगायचो. आणि तीन दिवसांत मी एकदाही माझ्या पोटरीकडे पाहिले नाही. घरी परतून जोडे काढले तेव्हा हे ध्यानात आले. तिथे काय होते, बाई? कोण होते? मी इतकी वर्षे मुलांना देवाविषयी शिकवतो आहे आणि मला काहीच ठाऊक नव्हते असे वाटते.

आता एकच सांग. मी त्यांचा जीव घेतला काय? मला बरे वाटावे म्हणून लिहू नकोस.

तुझा,
चंद्रभान


अकोला, ता. २४ फेब्रुवारी १९२१

चि. चंद्रभान यास,

अ. उ. आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून मी चूल पेटवायची विसरले. दवाखान्यात उपाशी गेले आणि दिवसभर भूक लागली नाही.

तू विचारतोस त्याचं उत्तर नत्थुजींनी दिलं आहे. त्या निवाड्यात मी काना-मात्रा बदलणार नाही. त्यात भर घालायला मी मोठी नाही आणि त्यातलं कमी करायला तू लहान नाहीस.

पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. ती सांगायची नव्हती. मरेपर्यंत सांगायची नाही असंच ठरवलं होतं.

दर्यापूरच्या वाटेवर आई गेल्यावर माझ्याजवळ अर्धी भाकर उरली होती. तू रडून रडून एका बाभळीखाली झोपलास. मी शेजारी बसले. मनात आलं की हा आता उठलाच नाही, तर सगळी अर्धी माझी. नुसतं आलं नाही, मी त्या विचाराजवळ बसून राहिले. मग तुझ्या नाकापुढं हात धरून पाहिला. हाताला श्वास लागला. आणि चंद्रभान, मला वाईट वाटलं.

अकरा वर्षांची पोर होते, उपाशी होते, हे मला माहीत आहे. डॉक्टरीणबाई असत्या तर हेच म्हणाल्या असत्या. तरी तो विचार माझाच होता.

त्यानंतर काय झालं ते मला आजवर उलगडलेलं नाही. मी तुला हलवून उठवलं आणि भाकर दिली. का दिली? माया दाटून आली असं काही झालं नव्हतं. चांगली व्हायचं मी ठरवलंही नव्हतं. प्रभूचं नाव तेव्हा माझ्या कानावरसुद्धा पडलेलं नव्हतं, म्हणजे त्याला हाक मारली असंही नाही. तरी माझा हात उठला. मी हाक मारण्याआधी माझ्या मनाशी कोणी येऊन उभं होतं, एवढंच मला कळतं. आज इतकी वर्षं झाली, पण त्या बाभळीची आठवण आली की मला डोक्यावर पदर घ्यावासा वाटतो.

तुझ्यात विचार आला आणि नत्थुजी गेले. माझ्यात आला आणि तू जगलास. माझं मन तुझ्याहून चांगलं होतं म्हणून नव्हे. म्हणून तर मी दिवसातून शंभरदा सांगते. माझं मन एकटं सोडण्यासारखं नाही, हे मी पाहिलं आहे.

रुख्मिणीबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू मला धाडलंस. ते माझ्याकडं ठेवून काय उपयोग? ज्यांनी विचारलं त्यांना नेऊन दे.

आता हे सारं वाचूनही मला बाई म्हणून हाक मारशील ना, एवढंच कळव.

तुझी,
तानुबाई


वलगाव, ता. ७ ऑगस्ट १९२१

ती. बाईस,

चंद्रभानचा सा. सलाम. वि. वि. तुझ्या फेब्रुवारीतल्या पत्रानंतर माझी चार-पाच पत्रे तुला गेली, सगळ्यांत बाई म्हणून हाक मारली, पण त्या गोष्टीला हात लावला नाही. हात लावायची ताकद नव्हती. आज लिहितो. मला त्या वाटेवरचे एकच आठवते: तू भाकरीचा तुकडा चावून मऊ करून माझ्या तोंडात घालीत होतीस आणि तुझी बोटे मातीने भरली होती. दुसरे काही आठवत नाही. बाभळ आठवत नाही. तू सांगितलेस म्हणून मला आता कळले की त्या घासाला किती जोर लागला होता. पूर्वी मी तुझा उपकार मानत होतो. आता तुझ्याकडे पाहायला मला भीड वाटेल.

रुख्मिणीबाईंना मी मार्चमध्येच जाऊन सांगितले. त्यांनी उभ्याने ऐकून घेतले, आत गेल्या आणि दार लावले. अजून बोलत नाहीत. वाटेत समोर आल्या तर पदर पुढे ओढतात, मी बाजूला होऊन वाट देतो. हे माझ्या वाट्याचे आहे. त्यांच्याविषयी मनात उलटसुलट काही आले तर तेही लगेच सांगून टाकतो.

करुणा आता धावते. मी घरातच निजतो. माणिकला पुन्हा दिवस गेले आहेत, तेव्हा तू दिवाळीनंतर रजा काढून येणार असे आम्ही गृहीत धरले आहे. तुझ्या हाती मूल आले की ते निमूट राहते म्हणतात, आमच्या करुणाच्या वेळी तुझा तो लौकिक फोल ठरला होता, त्याची भरपाई करून जा.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. परवा शुक्रवारी सकाळी वर्गात फळ्यावर तारीख घालीत होतो. पाच ऑगस्ट लिहिले आणि हात थांबला. दहा जुलैला कुन्नूरच्या डॉक्टरांनी सांगितलेले माझे सहा महिने भरायचे होते. त्या तारखेसाठी मी एक एक दिवस ढकलत होतो. ती येऊन गेली आणि मला कळलीच नाही. मी टेबलावरून हजेरीपट घेतला, जुलैचे पान उघडले. सोमवार, अकरा जुलै. माझेच अक्षर. रेघेवर सरळ बसलेले, कुठे कंप नाही. पुढचे सगळे दिवस तसेच. त्या दिवशी मी मुलांना काय शिकवले असेल, घरी काय जेवलो असेन, काही आठवेना. इतका साधा दिवस होता तो.

बाई, मी मनाची राखण करीत होतो असे समजत होतो. शंभरदा सांगत होतो हे खरे. पण मधे केव्हातरी सांगायचे थांबलो, आणि थांबल्याचेही कळले नाही. केव्हा, ते शोधू म्हटले तर सापडत नाही. तेवढे दिवस माझे मन कोणी राखले?

तिथेच, मुलांच्या देखत, मी गुडघ्यांवर आलो. सवयीने आत पाहिले, सांगण्यासारखे काय आहे म्हणून. काहीच नव्हते. भीती नव्हती, राग नव्हता, चांगला म्हणावा असाही विचार नव्हता. आणि तरी ती जागा रिकामी नव्हती. याहून अधिक मला लिहिता येत नाही, आणि लिहू नये असेही वाटते.

किती वेळ गेला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा ध्यानात आले की वर्गात चिटपाखरू नसावे इतकी शांतता आहे. चाळीस मुले, आपल्या वलगावची, मास्तर पाठमोरा झाला की एकमेकांच्या टोप्या उडवणारी. एकही बोलत नव्हता. कोणी त्यांना गप्प बसा म्हणालेले नव्हते. ती माझ्याकडे पाहत नव्हती, बाई. सगळी आपापल्या जागी उभी राहिली होती, कोणी वडीलधारे वर्गात आले की राहतात तशी.

येण्याची तारीख कळव, म्हणजे बडनेऱ्याला गाडी घेऊन येतो. तोवर तुझ्या रोजच्या मागण्यात आम्हाला जागा असू दे.

तुझा,
चंद्रभान